मॅटखालचा दगड

संपादकांचं पत्र येऊन दोन महिने झाले. ‘आपण एके काळचे जिल्ह्यातले नामांकित गोलंदाज. आपल्या गाजलेल्या सामन्यांच्या आठवणी आमच्या दिवाळी अंकासाठी लिहाव्यात आणि मिळालेल्या कपांसह एक फोटो जोडावा,’ असं त्यात होतं. कप पाच आहेत. ट्रंकेत, जुन्या स्वेटरात गुंडाळून ठेवलेले. लेख पाठवतो आहे. फोटो पाठवत नाही.

मी बोलका माणूस नाही. रस्त्याच्या खात्यात आयुष्य गेलं; तिथं बोलायला समोर खडीचे ढीग असतात, आणि त्यांना आपलं ऐकायची घाई नसते. त्यामुळं लिहिताना माझं पुढंमागं होईल. सांभाळून घ्यावं.

गाव बेंबळी. नाव विश्वनाथ, पण मैदानावर सगळे इसू म्हणत. शिकायला धाराशिवला आलो ते पोलीस ॲक्शननंतरच्या साली. तिथला जुना क्रिकेटचा क्लब तेव्हा उठल्यात जमा होता. कुणी हैदराबादला गेलं, कुणी त्याहून लांब, कुणाची नोकरी गेली म्हणून खेळ गेला. मागं राहिले महबूबभाई आणि काथ्याची एक मॅट. महबूबभाईंचं चौकाजवळच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. मॅट गुंडाळून दुकानाच्या माळ्यावर टाकलेली असायची. उजव्या डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर घड्याळात बघायचे, आणि ऊन कललं की मॅट खांद्यावर घेऊन मैदानाकडं निघायचे. मी त्यांच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. मी एकदा मॅटचं दुसरं टोक धरलं, तेव्हापासून ते माझ्याकडंच राहिलं.

पहिले कित्येक महिने आम्ही दोघंच होतो. ते बॅट घ्यायचे, मी बॉल टाकायचा. मारलेला बॉल आणायलाही मीच पळायचो.

“भाई, टीम कवा व्हायची आपली?” मी एकदा विचारलं.

“झाली की. मी कप्तान, तू टीम,” ते म्हणाले. “अब टीमनं जाऊन बॉल घेऊन यायचं, इसूमियाँ.”

बॉलिंग त्यांनी मला शिकवली ती कानानं. घड्याळजीचा कान. डोळे मिटून उभे राहायचे आणि मी टाकलेल्या बॉलचा टप्पा कुठं पडला ते सांगायचे. “आखूड.” “अजून आखूड.” “हौ, आता आला.” ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॉलिंग म्हणजे जोरात फेकणं, असा समज आहे. जोर बैलातही असतो. बॉलिंग म्हणजे समोरच्यापासून चार-पाच हातांवर तळहाताएवढी एक जागा, आणि तिथं पुन्हा पुन्हा बॉल पाडणं. तिथं पडलेल्या बॉलला पुढं जावं की मागं राहावं, हे बॅटवाल्याला कळत नाही. ती जागा मला सापडली. का सापडली ते माहीत नाही; माझ्या हाताला दुसरं काही फार चांगलं येत नव्हतं.

याच हातानं मला नोकरी दिली. सरकारी खात्यांचे संघ तेव्हा एकमेकांशी खेळायचे आणि साहेब लोकांना कपाची हौस होती. आमच्या साहेबांनी माझा एक सामना पाहिला आणि मला रोजंदारीवर घेतलं. कागदावर मी रस्त्याचा मजूर. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “बघ, खडी फोडणारे पुष्कळ आहेत.” आमच्या खात्यात एक शब्द होता, ‘कायम’. कायम झालेल्या माणसाला घर मिळायचं, रजा मिळायची, सोयरीक यायची. रोजंदारीच्या माणसाला पाऊस सुरू झाला की घरी पाठवायचे.

मला जळकोटच्या बाजूला हमरस्त्यावर टाकलं. चहूकडं ज्वारी, मधून रस्ता, आणि मजूर आपापल्या गावी गेले की मी एकटा. तिथं एक मैलाचा दगड होता. मी बावीस पावलं मोजायचो आणि त्याला स्टंप समजून बाजूच्या मुरमाच्या पट्टीवरून टाकत राहायचो. बॉल एकच. टाकायचा, चालत जायचं, उचलायचा, परत यायचं. चुकला तर ज्वारीत शिरून शोधायचा. एका गाडीवानानं बैल थांबवून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “काव, त्या दगडानं काय घोडं मारलं तुमचं?”

“सराव करतोय,” मी म्हणालो.

“दगडाला लागतंय का पर?”

“लागतंय की.”

“मग झालं की. आता जा घरी,” तो म्हणाला आणि गेला. माझ्या बॉलिंगबद्दल इतकं नेमकं पुन्हा कुणी बोललं नाही.

संपादकांना गाजलेले सामने हवे आहेत, तर एक सांगतो. मुरूम नावाच्या गावात एक आडते होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. पाहुण्या संघाला जेवण त्यांचं, तंबू त्यांचा, म्हणून संघात पहिला नंबरही त्यांचाच. धोतराचा काचा मारून, कपाळाला भस्म लावून खेळायला यायचे. मी पळत निघालो की ते हात वर करायचे. “निधान हाकप्पा, निधान.” म्हणजे हळू टाक बाबा, हळू. शिवाय तिथला रिवाज असा, की जेवण देणाऱ्याचा पहिला बॉल धरायचा नाही. पहिल्याच बॉलवर त्यांचे तिन्ही स्टंप पडले. अण्णांनी स्वतः वाकून ते पुन्हा उभे केले, बॅट घेतली आणि मला म्हणाले, “आता खेळ सुरू.” दुसऱ्या बॉललाही पडले. तेव्हा अण्णा शांतपणे तंबूत गेले आणि आचाऱ्याला म्हणाले, “त्या बेंबळीच्या पोराला पोळी एक जास्त वाढ.” तेव्हा हसलो होतो. आता वाटतं, तो सामना माझा शेवटचा स्वच्छ सामना. त्यानंतर दोनच महिन्यांनी जिल्ह्याच्या कपाची फायनल झाली.

आता मॅटबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडं गवताच्या खेळपट्ट्या नव्हत्या. मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, सुकू द्यायचं, आणि वर काथ्याची मॅट ताणून कडेनं मोठे खिळे ठोकायचे. थोडक्यात रस्ताच करायचा, बावीस यार्डांचा. म्हणून जमीन तयार करायचं काम आमच्या खात्याकडं. रोलर आमचा, मुरूम आमचा, आणि हे काम कळणारा गोलंदाज मीच, म्हणून माणूसही मीच. मॅट मात्र महबूबभाईंची. गावात तेवढी एकच होती.

यात लबाडीला जागा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून एक रिवाज होता. ज्यांनी जमीन केली त्यांच्या समोरच्या संघाच्या कप्तानानं टॉसच्या आधी जोडे काढायचे आणि मॅटवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालायचं. पायाला उंचवटा, खळगा, पोकळ काही लागलं तर मॅट उचलायला लावायची. पाय खोटं बोलत नाहीत, असं म्हणायचे.

फायनल आमची आणि महबूबभाईंच्या क्लबाची होती. एव्हाना त्यांनी पुन्हा अकरा माणसं जमवली होती. त्यात दोन शिंपी, एक तलाठी, मोटारीचा एक क्लीनर. सामन्याच्या चार दिवस आधी साहेबांनी मला बोलावलं. “तुझा कागद वर पाठवायचा आहे. कप आला की त्याच आठवड्यात पाठवतो,” ते म्हणाले. कप नाही आला तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पावसाळा महिन्यावर आला होता.

खडी फोडताना कधी कधी काळ्या दगडाची चपटी कपची निघते, घासल्यासारखी गुळगुळीत. तशी एक तळहाताएवढी कपची मी उचलली. रोलर फिरवून झाल्यावर माझा बॉल पडायच्या जागी खिळ्यानं मुरूम कोरला आणि कपची जमिनीच्या अगदी पातळीत बसवली. वर केसभरसुद्धा नाही. सांध्यात ओली माती भरली, ती सुकली. मग मॅट ताणली. पायाला काही कळलं नसतं, कारण उंचवटा नव्हताच. फक्त एवढंच, की मुरूम बॉलचा जोर थोडा पितो आणि दगड पीत नाही. त्या जागेवर पडलेला बॉल मांडीशी यायचा तो छातीशी, तोंडाशी येणार. तो आमच्या बॅट्समनच्याही अंगावर आला असता. पण नेमका तिथं टाकेल असा हात समोरच्या संघात कुणाचा नव्हता.

हे मी कुणाला विचारून केलं नाही. साहेबांना माहीत नव्हतं. कुणी सांगितलं असतं तर आज त्याच्यावर ढकलता आलं असतं.

टॉसच्या वेळी महबूबभाई आले. अंपायर म्हणाले, “कप्तान, जोडे काढा. मॅट बघून घ्या.”

महबूबभाईंनी माझ्याकडं बघितलं. “मॅट कुणी अंथरली?”

“इसूनं.”

“मग बघायचं काय त्यात?” ते म्हणाले, आणि जोडे न काढता टॉस करायला गेले.

मी तिथंच बोलायला हवं होतं. पण साहेब तंबूत खुर्चीवर बसले होते आणि लोक टाळ्या वाजवत होते.

आम्ही आधी खेळलो, फार काही केलं नाही. मग ते आले. दगड समोर येईल अशा टोकाकडून मी बॉलिंग घेतली. शिंपी गेला, तलाठी गेला, क्लीनरच्या बरगडीला लागला आणि पुढच्या बॉलला तो स्टंप सोडून बाजूला झाला. लोक म्हणत होते, इसूला आज काय झालंय, बॉल नागासारखा उठतोय. मला तेव्हा अभिमान वाटला हे लपवत नाही. दगड मी ठेवला हे खरं, पण पळत येऊन बावीस यार्डांवरून त्याच्यावर नेमका बॉल पाडणं हे माझ्या हाताचं काम होतं. सहातले चार मी तिथं पाडत होतो. मग इतका हात असताना दगड हवा कशाला, हा प्रश्न त्या दिवशी सुचला नाही. पुढं रोज सुचला.

महबूबभाई खेळायला आले. त्यांची एक सवय होती. बॉल घेण्याआधी पुढं चालत यायचे आणि बॅटच्या टोकानं मॅटवर दोन-चार ठिकाणी हलकेच ठोकायचे. तसं त्यांनी ठोकलं. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं, टोपी सारखी केली आणि परत जाऊन उभे राहिले. मला वाटलं, ते हसले.

मी मनाशी ठरवलं होतं, त्यांना तिथं टाकायचा नाही. आणि नाही टाकला. पुढं टाकला, बाजूला टाकला, आखूड टाकला. ते खेळत राहिले. शिकवलेल्या माणसाला ज्यानं शिकवलं त्याच्याइतकं कोण ओळखतं? त्यांनी मला दोन वेळा सीमेच्या बाहेर मारला. जिंकायला थोडेच राहिले. दुसऱ्या फटक्याला साहेब खुर्चीवरून उठले आणि तंबूच्या बाहेर येऊन उभे राहिले.

मी पळत आलो आणि दगडावर टाकला.

तो बॉल माझ्या हातून सुटला तेव्हाच मला कळलं की तो बरोबर पडणार आहे. बॅटवर आला नाही. उजव्या डोळ्यावर लागला. महबूबभाई गुडघ्यावर बसले, ओरडले नाहीत. एक हात डोळ्यावर आणि दुसऱ्या हातात बॅट तशीच उभी धरलेली. मी सगळ्यांच्या आधी पोचलो. त्यांनी दुसऱ्या डोळ्यानं मला बघितलं. “टीम,” ते म्हणाले, “पाणी आण.”

त्यांना मोटारीत घालून सोलापूरला नेलं. पुढच्या अर्ध्या तासात त्यांचा डाव संपला आणि कप आमच्याकडं आला. उत्कृष्ट गोलंदाजाचा कप माझ्या हातात दिला तेव्हा टाळ्या झाल्या. संध्याकाळी मॅट गुंडाळायला मी एकटाच थांबलो, खिळे उपसले आणि कपची काढून खिळ्यांच्या डब्यात टाकली. दुसऱ्या दिवशी जळकोटच्या कामावर नेऊन ती खडीच्या ढिगात फेकली. ढीग पसरला, रोलर फिरला. त्या रस्त्यात ती आज कुठंतरी आहे. वरून मोटारी जातात.

आठवड्यानं मी सोलापूरच्या दवाखान्यात गेलो. चार मोसंबी नेली होती. त्यांच्या अर्ध्या तोंडाला पट्टी होती.

“बॉल लई उठला रे इसू,” ते म्हणाले. “कुठून उठला?”

सांगायची दुसरी वेळ ती. मी म्हणालो, “मॅट सैल झाली असंल, भाई. जुनी झालीय.”

त्यांनी तोंडावरची पट्टी चाचपली. “हौ,” ते म्हणाले. “मॅट जुनी झाली.”

त्याच महिन्यात मी कायम झालो.

डोळा गेला. भिंग लावायचा तोच डोळा. माणूस डाव्या डोळ्याला भिंग लावू शकतो, पण हात उजव्या डोळ्याशी बोलायला शिकलेले असतात, असं मला नंतर दुसऱ्या एका घड्याळजीनं सांगितलं. मनगटावरच्या बारीक घड्याळांचं काम त्यांच्याकडून सुटलं. गजराची आणि भिंतीवरची घड्याळं राहिली. क्लब पुन्हा मोडला. मॅट त्यांनी कुणाला दिली नाही.

मी पुढं पाच-सहा वर्षं खेळलो, आणखी चार कप मिळाले. दगड पुन्हा कधी ठेवला नाही. पण विकेट पडली की मी आधी मॅटकडं बघायचो. टाळ्या वाजायच्या आणि मला वाटायचं, हे खाली काहीतरी आहे म्हणून. साथीदार पाठ थोपटायला आले की मी बाजूला व्हायचो. इसू शिष्ट झाला, असं म्हणू लागले. मग यायचे थांबले. बदली टाळून मी जळकोटच्याच बाजूला राहिलो. कामासाठी धाराशिवला जावं लागलं तर चौकाच्या मागून वळसा घालून जायचो. चालायला दहा मिनिटं जास्त लागतात. ती दहा मिनिटं मी बारा वर्षं चाललो. घरी विचारलं, तर ‘तिकडं ऊन कमी असतं’ म्हणायचो.

पत्र आल्यावर लिहायला बसलो आणि पहिली ओळच होईना. शेवटी परवा वळसा न घेता सरळ गल्लीत शिरलो.

दुकान तेच आहे. उंबऱ्याशी पाय पुसायला काथ्याचा एक तुकडा होता. कडेला खिळ्याचं भोक होतं. मी वहाणा काढून बाहेरच उभा राहिलो.

“आत ये, इसू,” ते गजराच्या घड्याळातून मान वर न करता म्हणाले. “चालण्यावरनं कळलं. कायकू उभा आहेस? घड्याळ आणलंस का?”

“न्हाय, भाई. सांगायला आलोय.”

“सांग मग.”

मी सांगितलं. कपची, खिळा, माती, पातळी, सगळं, खात्याचा अहवाल द्यावा तसं. ते घड्याळाचा स्क्रू फिरवत होते. माझं संपलं तरी फिरवत होते.

“मला माहीत होतं,” ते म्हणाले.

“कुणी सांगितलं?”

“बॅटनं. ठोकून बघितलं ना मी? तीन ठिकाणी धप्, एका ठिकाणी टक्.” त्यांनी नखानं टेबलावर वाजवून दाखवलं. “मियाँ, मी रोटी कानावर खातो.”

“मग अंपायरला का न्हाय सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तुझी नोकरी गेली असती.” त्यांनी घड्याळ कानाला लावलं, खाली ठेवलं. “आणि बाकीच्यांना तिथं टाकत होतास, मला टाकत नव्हतास. ते बी बघत होतो मी. मला वाटलं, मला न्हाय टाकणार.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

“तुझं सोड,” ते म्हणाले. “चूक माझी बी झाली. जोडे काढून चालायला पायजे होतं. दहा माणसं माझ्या भरोशावर खेळत होती. दोस्ती माझी, त्यांनी कायकू सोसायची? त्या क्लीनरची बरगडी मोडली होती.”

“जोडे काढले असते तरी कळलं नसतं, भाई. पातळीत बसवला होता.”

ते पहिल्यांदा हसले. “मतलब काम पक्कं होतं,” ते म्हणाले. “तुझ्या साहेबानं कायम केलं, ते काही चुकलं न्हाय त्याचं.”

मी खाली मान घालून बसलो. चहा आला. त्यांनी बशीत ओतून आधी माझ्याकडं सरकवला, पूर्वी सरकवायचे तसा. माफी मी मागितली. त्यांनी दिली की नाही, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी रिकामी बशी भरली आणि मला पुन्हा विचारवलं नाही.

उठताना मी म्हणालो, “अंकात छापायचं म्हणतायत. लिहू का हे?”

“लिही.” त्यांनी भिंग पुन्हा डाव्या डोळ्याला लावलं. “डोळ्याचं लिही, न लिही, तुझी मर्जी. पण ती मॅट मी ऐन धामधुमीत सांभाळली होती. सगळे गेले, ती राहिली. तिच्यावर आळ ठेवू नको.”

म्हणून लिहितो. त्या दिवशी मॅट सैल नव्हती. मी स्वतः ताणली होती.